रूपाने मला उघडून पाहिलं

मित्रांनो, मी लॅपटॉप. रंगाने काळा, एका कोपऱ्याला टवका गेलेला, आणि वयाने इतका मोठा की माझ्या बरोबरीचे बहुतेक जण केव्हाच भंगारात गेले. एका दूरच्या कारखान्यात हातमोजे घातलेल्या हातांनी मला जोडलं, झाकण बसवलं, स्क्रू आवळले. पुढे मी लोकांना जगभरच्या गोष्टी दाखवल्या, पण माझ्या स्वतःच्या पोटात काय आहे, हे मला कधीच पाहायला मिळालं नाही. त्याचं मला फार कुतूहल वाटे.

माझा पहिला मालक प्रसेनजित. अकोल्याला इंजिनिअरिंग शिकताना त्याने मला घेतलं. तेव्हा बटण दाबताच मी जागा होई. त्याचे मित्र म्हणत, "काय पळते बे तुझा लॅपटॉप!" ते ऐकून मला फार बरं वाटे. मग प्रसेनजितला पुण्यात नोकरी लागली, ऑफिसने नवा लॅपटॉप दिला आणि मी शेलूबाजार या त्याच्या गावच्या घरी, धाकट्या बहिणीकडे आलो.

तिचं नाव रूपा. ती आठवीत असताना तिला मेंदूज्वर झाला. ताप उतरला, पण तिचं ऐकणं कायमचं गेलं. बोलणं मात्र राहिलं. घरातल्या माणसांचे ओठ पाहून ती त्यांचं बोलणं समजून घेई. बाहेरच्यांचं भरभर बोलणं समजण्यासाठी तिला माझी गरज पडे. ऑनलाइन वर्गात सर बोलले की त्यांचे शब्द माझ्या पडद्यावर खाली अक्षरांत उमटत आणि ती ते वाचत असे. एवढं महत्त्वाचं काम मला पूर्वी कुणी दिलं नव्हतं.

पण नेमका त्याच काळात मी हळू झालो. का, ते मलाही कळेना. चालू व्हायला मला इतका वेळ लागे की रूपाची आई संगीताबाई तेवढ्यात चहा करून आणायच्या. अक्षरंही रेंगाळू लागली. सरांचे ओठ मिटायचे आणि त्यानंतर बऱ्याच वेळाने त्यांचं वाक्य उमटायचं.

बारावीनंतर रूपाने नागपूरच्या एका संस्थेत नकाशे तयार करण्याच्या अभ्यासक्रमासाठी अर्ज केला. मुलाखत माझ्या पडद्यावर होती. निळा ड्रेस घालून ती माझ्यासमोर बसली. मॅडमनी विचारलं, "घरी कोण कोण असतं?" माझ्याने ते वाक्य लवकर उमटवेना. रूपा गप्प बसलेली पाहून मॅडमनी पुढचा प्रश्न केला, "नकाशांची आवड कधीपासून आहे?" तेव्हा कुठे पहिला प्रश्न पडद्यावर आला. रूपा हसून म्हणाली, "आई, बाबा आणि दादा."

मॅडम गोंधळल्या. त्यांनी विचारलं, "नकाशात उत्तर दिशा कशी ओळखाल?"

रूपाने मागचा प्रश्न वाचला आणि उत्तर दिलं, "लहानपणापासून."

मॅडम आणि त्यांच्या शेजारची माणसं एकमेकांकडे पाहू लागली. रूपाला काय झालं ते उमगलं, तिचा चेहरा उतरला, आणि तेवढ्यात मी पूर्णच थिजलो. मित्रांनो, त्या दिवशी मला रडता आलं असतं तर मी रडलो असतो.

मॅडम भल्या होत्या. त्यांनी पुढच्या आठवड्यात पुन्हा मुलाखत ठेवली. संध्याकाळी आईच्या फोनवर प्रसेनजितचा व्हिडिओ कॉल आला.

"फेकून दे तो डब्बा," तो म्हणाला. "दिवाळीले नवा घेऊन देतो."

"मुलाखत दिवाळीले नाही दादा, पुढच्या आठवड्यात हाये. अन् मले आधी सांग, हा काहून हळू झाला?"

"जुना झाला म्हनून."

"जुना झाला म्हंजे? आतमधी काय बदललं?"

प्रसेनजितने खांदे उडवले. मीही कान टवकारले होते, कारण हाच प्रश्न मला कितीतरी दिवसांपासून पडला होता.

दुसऱ्या दिवसापासून रूपाने मी हळू का झालो याचा शोध घ्यायला सुरुवात केली. कोणतं काम माझी किती ताकद खातं, ते दाखवणारी खिडकी तिने उघडली. मी चालू झालो की न बोलावता कितीतरी प्रोग्रॅम आपोआप जागे होत होते. प्रसेनजितचे कॉलेजचे खेळ, जुन्या प्रिंटरचा प्रोग्रॅम, कुणालाच न लागणारा गाण्यांचा एक. तिने त्यांना झोपवलं. माझी साठवणीची जागाही काठोकाठ भरली होती. सिनेमे पुसले, लग्नांचे फोटो पेन ड्राइव्हवर घेतले. मला हलकं वाटलं आणि मी जरा भरभर चालू लागलो. रूपाने आनंदाने टाळी वाजवली.

पण थोड्या वेळाने अक्षरं पुन्हा रेंगाळली. रूपा चिडली नाही. हनुवटीवर हात ठेवून ती माझ्याकडे पाहत राहिली, मग तिने तळहात माझ्या अंगावर टेकवला. तो तिने झटकन मागे घेतला आणि पुन्हा हळूच ठेवला.

"आई, इकडे ये. हा लय तापला. अन् थरथरून राह्यला. तुले काही ऐकू येते काय?"

संगीताबाई पदराला हात पुसत आल्या. "येते ना. पीठगिरणीवानी घरघर करते. रोजच करते."

"रोज? मंग मले सांगतलं काहून नाही?"

संगीताबाई लेकीसमोर बसून हळूच म्हणाल्या, "मले वाटलं, लॅपटॉप असाच वाजत असन. अन् तुले आवाजाचं सांगू कशी बाई? तुले वाईट वाटन म्हनून आमी घरात आवाजाची गोष्टच काढत नाही."

"वाईट नाही वाटत वं. मले तेच तं पाह्यजे. सांग, अजून काय ऐकू येते?"

संगीताबाईंनी माझ्यावर कान टेकवला. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी मला असं ऐकत होतं. "घरघर हाये. अन् या बाजूले, मनगट टेकते तिथं, पाल चुकचुकते तसं टिक, टिक. थांबते, पुन्हा करते."

रूपाने त्या जागी बोट ठेवलं. आईने मान हलवली की रूपाच्या बोटाला बारीकसा ठोका लागे. दोघी कितीतरी वेळ तशाच बसून होत्या, एकीचा कान आणि एकीचं बोट माझ्यावर.

मग दोघी मला घेऊन रस्त्यावरच्या संघदीपच्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात गेल्या. रूपाने घरघर, ताप आणि टिकटिक, सगळं सांगितलं. संघदीपने काम बाजूला ठेवलं.

"टिकटिक म्हंजे हार्ड डिस्क जाऊन राह्यली," रूपाला ओठ दिसतील असा वळून तो सावकाश म्हणाला. "अजून काही दिवस वापरला असता तं सारं गेलं असतं. आधी यातल्या फायली काढून घेऊ."

"मले पाहू द्या दादा. उघडू काय मीच?"

त्याने पेचकस तिच्या हातात दिला. कोणता स्क्रू कुठे, ते तो बोटाने दाखवत गेला, आणि कारखान्यानंतर प्रथमच माझ्या पोटात उजेड आला. समोरच्या भिंतीवरच्या आरशात मला माझं आतलं रूप दिसलं! हिरव्या पट्टीवर गावातल्या गल्ल्यांसारख्या बारीक रेषा, एक चिमुकला पंखा, आणि त्या पंख्याच्या तोंडाशी सोयाबीनच्या कुटाराची, म्हणजे भुशाची, धूळ व गादीच्या कापसाचा जाड बोळा. मी ज्या वाटेने श्वास घेत होतो, तीच बुजली होती.

"गादीवर ठेवून वापरता ना?" संघदीपने विचारलं. मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं आणि दोघी खुदकन हसल्या.

रूपाने ब्रशने पंखा साफ केला. संघदीपने आतली उष्णता पंख्याकडे नेणारा, वाळून खडखडीत झालेला लेप पुसून नवा लावला. दमलेली हार्ड डिस्क काढून तिथे नवी, न फिरणारी, न वाजणारी एसएसडी बसवली. बटण दाबलं आणि मी लगेच जागा झालो.

पुढच्या मुलाखतीत मॅडमचे ओठ आणि माझी अक्षरं जवळजवळ बरोबरीने चालली. त्यांनी विचारलं, "मागच्या वेळी काय झालं होतं?" रूपाने सगळं सांगितलं, आणि माझ्या पोटातल्या रेषा एखाद्या गावाच्या नकाशासारख्या दिसतात हेही सांगितलं. "तिथं कोणती गल्ली कुठं जाते ते मले अजून कळलं नाही," ती म्हणाली, "पण समजून घेईन." मॅडम हसल्या. रूपाची निवड झाली.

आता ती नागपूरच्या वसतिगृहात आहे. तिथे मोठ्या पडद्याचे संगणक आहेत, म्हणून मी संगीताबाईंकडे राहिलो. रोज दुपारी त्या मला लाकडी पाटावर ठेवून लेकीशी बोलतात. त्यांची वऱ्हाडी मला नीट लिहिता येत नाही. त्या म्हणतात, "जेवली काय वं?" आणि मी तिच्या पडद्यावर भलतंच काहीतरी उमटवतो. रूपा पोट धरून हसते. मग संगीताबाई तिला घरातले आवाज सांगतात: शेजारी ट्रॅक्टर चालू झाला, कुकरची शिट्टी झाली, वासरू हंबरलं. रूपा आईच्या ओठांवरून एकेक गोष्ट मन लावून वाचते आणि म्हणते, "अजून सांग."

मित्रांनो, आम्हा यंत्रांना मोकळी हवा द्या, आमच्यावरची धूळ झटका, गादीवर ठेवून आमचा श्वास कोंडू नका. आम्ही अडखळलो तर 'जुना झाला' म्हणून फेकण्याआधी आत काय झालं असेल, असा प्रश्न एकदा तरी विचारा. आणि जे तुम्हाला सहज ऐकू येतं, ते ज्याला ऐकू येत नाही त्याच्यापासून लपवू नका. त्याच्या समोर बसा आणि सांगा.