लाकडात मुरलेला रंग

मित्रांनो, मी एक जुना रॅम्प आहे, लाकडाचा. एका घराच्या मागच्या दारापासून अंगणापर्यंत मी अंग ताणून पडलेला असतो. त्या घरात एक आत्या राहते आणि ती चाकांच्या खुर्चीवरून हिंडते. अंगणापलीकडे तिची पुस्तकबांधणीची खोली आहे. फाटकी, खिळखिळी पुस्तकं तिथे येतात आणि ताठ पाठीनं घरी जातात. घर आणि ती खोली यांच्यामधली वाट म्हणजे मी.

सुतार मला बनवत होता तेव्हा आत्याची एकच अट होती. "येताजाता कुणाला हाक मारावी लागता कामा नये." म्हणून त्यानं माझा उतार बेताचा ठेवला, दोन्ही बाजूंना कठडा दिला आणि पाणी खाली निघून जावं म्हणून फळ्यांमध्ये बारीक फटी सोडल्या.

पाठीवरून जाणाऱ्या माणसांची मला चांगली पारख आहे. आत्याची चाकं नेमकी मधून जातात. वहिनीच्या टाचा वाजल्या की समजावं, कुठेतरी दूध उतू चाललंय. आणि आत्याचा थोरला भाऊ, म्हणजे दादा, चपला फरफटत येतो, मधेच थांबतो, काहीतरी विसरल्याचं आठवून माघारी वळतो. माणूस प्रेमळ, पण प्रेमाला घाई फार.

उन्हापावसानं मी हळूहळू राखाडी पडलो. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. "लाकूडच ते, त्याला काय धाड भरलीय!" असं दादा म्हणायचा. मग एकदा त्याच्याच तळव्यात माझं कुसळ घुसलं आणि त्याला माझा पुळका आला. त्यानं मला धुतलं, नीट वाळूही दिलं नाही आणि वरून चकचकीत व्हार्निशचे जाड थर चढवले. शेजारी म्हणाले, "वा! अगदी आरसा झालाय." खोटं कशाला सांगू, मीही फुगलो.

एका दवाच्या सकाळी आत्याची चाकं त्या आरशावरून घसरली. खुर्ची कठड्यावर आदळली, कोपर सोलवटलं. दादा घाबरून पांढराफटक पडला आणि त्यानं फर्मान काढलं, "यापुढे एकटीनं जायचं नाही. हाक मारायची."

तेव्हापासून आत्या दारात बसून हाका मारू लागली. दादा आंघोळीत असायचा, वहिनी फोनवर. पलीकडे पुस्तकं पडून राहिली. पुढे पुढे तर आत्या हाकही मारेनाशी झाली. खिडकीशी बसून राहायची. इकडे व्हार्निशचे पापुद्रे सुटायला लागले आणि त्यांच्याखाली शिरलेलं पाणी मला आतून कुजवायला टपलं.

"हे उखडून टाकू," दादा म्हणाला. "त्यापेक्षा सिमेंटचा करू."

"आणि तो होईपर्यंत मी काय उडत जाऊ?" आत्या म्हणाली. "चूक लाकडाची नाही दादा, तुझ्या हौसेची आहे."

"म्हणजे मीच वाईट!"

"वाईट नाहीस रे. नुसता चकचकीत आहेस."

वहिनीला हसू आवरेना. शेवटी ठरलं ते असं: एकदा आत्याच्या पद्धतीनं करून पाहायचं. त्यावरही चाक घसरलं, तर माझी रवानगी सरपणात आणि आत्याची खिडकीत.

त्यांनी मला खरवडलं, पॉलिश पेपरनं घासलं, धुतलं आणि या वेळी खडखडीत वाळू दिलं. मग रंगाच्या दुकानातून लाकडात मुरणारा तेलाचा स्टेन आला. दादाला हवा होता काळपट, वहिनीला बिनरंगी. आत्यानं माझ्या कडेच्या फळीवर दोन्हींचे आणि एका मधल्या तपकिरीचे पट्टे ओढून घेतले. वाळल्यावर भर उन्हात तिघं त्यांच्याभोवती बसली.

"काळपट उन्हात तापेल," आत्या म्हणाली. "बिनरंगी उन्हाला अडवणार नाही, लाकूड पुन्हा राखाडी पडेल. हा मधला घ्या. लाकडाच्या रेषाही दिसताहेत आणि हाताला गुळगुळीत लागत नाही."

"लग्नात मुलगासुद्धा इतका पारखला नव्हता," वहिनी म्हणाली.

"अगदी कळतंय ते," आत्या दादाकडे बघत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर काम सुरू झालं. आत्या अंगणातून हुकूम सोडत होती. "ब्रश रेषेच्या दिशेनं! एक फळी टोकापर्यंत संपव, मग दुसरी, नाहीतर जोडाचे डाग पडतील. फळ्यांची कापलेली टोकं जास्त पितात, तिथे पुन्हा दे. आता वर राहिलेलं पुसून काढ."

"पुसायचं तर लावायचं कशाला?" दादा करवादला.

"पुस्तकं चिकटवायच्या खळीचंही तसंच असतं. मुरली ती कामाची, वर राहिली ती चिकटणारी."

वहिनीनं तेलकट फडकी एकेक करून बाहेर पसरली. बोळा करून टाकली तर ती आपोआप तापून पेटतात, असं डब्यावरच लिहिलं होतं. शेवटची फळी पुसून दादा कंबर धरून उभा राहिला. तिघंही कौतुकानं माझ्याकडे बघत होती.

"वन्सं," वहिनी हळूच म्हणाली, "वरून खाली रंगवत आलो आपण. आता तुम्ही आत कशा जाणार?"

पुढच्या दाराला तर उंच पायऱ्या.

"उचलून नेतो मी," दादा म्हणाला.

"आधी तुझी कंबर उचल," असं म्हणून आत्या जी हसत सुटली ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "इतके दिवस आत अडकले होते, आता बाहेर अडकते. मला चालेल." तिनं खुर्ची वळवली आणि ती आपल्या खोलीकडे गेली. वहिनीनं पुढच्या दारानं वळसा घालून तिला जेवण नेलं, अंथरूण नेलं. मी पुरता वाळेपर्यंत आत्या तिथेच राहिली आणि साचलेली पुस्तकं बांधत बसली. दादा माझ्याभोवती दोरी बांधून मांजरांना हाकलत होता.

मग ती सकाळ आली. दव पडलं होतं. दादा माझ्या पायथ्याशी हात पसरून उभा, झेल घ्यायला उभं राहावं तसा.

"बाजूला हो," आत्या म्हणाली.

ती चढू लागली. मी फळ्यांत होतं नव्हतं ते सगळं बळ आणलं. चाकांनी मला धरलं, मी चाकांना धरलं. ती दारापर्यंत पोचली, वळली आणि उतरून आली. मग पुन्हा चढली.

"अगं, काही विसरलीस का?" दादानं विचारलं.

"नाही. जाता येतंय म्हणून जातेय."

मित्रांनो, तुमच्याही दाराबाहेर एखादं बाक असेल, फाटक असेल, झोपाळा असेल. त्याच्यावर अधूनमधून पाण्याचे चार थेंब टाकून बघा. थेंब तसेच उभे राहिले तर आमचं बरं चाललंय. ते आत जिरले, तर आम्हाला तहान लागली आहे असं समजा. आमची चमक गेली तरी चालेल, आमची काळजी घ्या. कारण आमच्या भरवशावर कुणीतरी एकट्यानं घराबाहेर पडत असतं.