अब्बांची कॅसेट मीच पुसली

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, मित्रांनो, आणि माझा राग अजून गेलेला नाही. यंत्राला कसला आलाय राग, असं तुम्ही म्हणाल. पण ज्याच्याकडून नको ते काम करवून घेतात, त्याचं डोकं फिरणारच.

माझा जन्म जपानात झाला. मला पनवेलच्या मोहल्ल्यात आणलं मुबारकने. तो मालवाहू जहाजावर खलाशांचा स्वयंपाकी होता. त्याच्या बायकोने, हाजराने, माझ्यासाठी क्रोशाचं कव्हर विणलं. त्या काळी आखातात गेलेल्या माणसांना घरचे लोक पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायचे. शेजारपाजारचे माझ्यापुढे दाटीवाटीने बसत आणि कुवेतला, बहारीनला सलाम धाडत. म्हाताऱ्या बायका तर माझ्या तोंडाशी तोंड आणून ओरडायच्या, जणू कुवेत पलीकडच्या गल्लीतच आहे. मला तेव्हा फार मान होता.

मुबारकच्या जहाजावरचे साहेब स्पॅनिश बोलत. त्याची मुलगी यूम्ना कॉलेजात गेली आणि तिने ती भाषा शिकायचा ध्यास घेतला. मग एका सुट्टीत मुबारकने तिच्यासाठी कॅसेट भरली. 'दामेलो', ते मला दे. 'त्राएमेला', ती मला आण. 'लावालोस', ते धुऊन टाक. 'मला', 'ते', 'ती' असले शब्द तिथे क्रियापदाच्या शेपटीलाच बांधून टाकतात. बिचाऱ्या मुबारकला व्याकरण कुठलं ठाऊक! भटारखान्यात दिवसभर जे हुकूम कानावर पडत, तेच त्याने मुलीला दिले. नकार द्यायची त्याची टाप नव्हती. म्हणून नको म्हणताना हेच तुकडे सुटून क्रियापदाच्या आधी जातात, हे यूम्नाला पुस्तकातून शिकावं लागलं. पण तिचा उच्चार मात्र बापाचा होता.

१९९० साल उजाडलं. न्हावा-शेव्याचं बंदर नुकतंच सुरू झालं होतं, आणि तिथल्या एका एजंटाच्या कचेरीत स्पॅनिश समजणारं माणूस हवं होतं. एप्रिलातल्या एका सोमवारी परीक्षा ठरली. जहाजावरून आलेले हुकूम कानाने ऐकून लिहून काढायचे होते. यूम्ना रोज सकाळी कॅसेट लावून बसे. कॅसेटवर कोणी चुकून दुसरं काही भरू नये म्हणून तिने कॅसेटच्या पाठीवरच्या प्लॅस्टिकच्या दोन्ही चिमुकल्या चकत्या मोडून ठेवल्या होत्या. चकती नसली की मी आवाज भरायचं लाल बटण दाबूच देत नाही.

गुरुवारी यूम्ना कॉलेजात होती. तिचा थोरला भाऊ मोहसीन चार मित्र घेऊन आला. त्याला कुवेतच्या मामूंकडे व्हिसासाठी निरोप भरायचा होता, आणि शेजारचे चाचा तासाभरात विमानाला निघणार होते.

"अम्मी, ही कॅसेट घेऊ काय?"

"तुझ्या अब्बांचा आवाज हाय त्याच्यावर," हाजरा आतून म्हणाली. "यूम्नाला विचारल्याबिगर हात लावू नको."

"अब्बा आले की परत भरतील."

त्याने लाल बटण दाबलं. मी दाबू दिलं नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा नाही. तेव्हा त्या शहाण्याने मोडलेल्या चकत्यांच्या जागी चिकटपट्टी लावली. मी फसलो. माझ्या पोटात दोन हेड आहेत, एक पुसतं आणि एक भरतं. मुबारकचा एकेक शब्द मी स्वतः पुसला, आणि त्यावर "मामू, सलाम आलेकुम, इथे सगळे खैरियत" भरलं. त्याची आठवण झाली की अजून माझा पट्टा थरथरतो.

यूम्ना परत आली तोवर कॅसेट चाचांबरोबर गेली होती.

"मी चकत्या मोडल्या होत्या, भाई!"

"म्हणून तर पट्टी लावली. डोकं लागतं त्याला."

"अब्बा आठ महिने परत येणार नाहीत. सोमवारी माझी परीक्षा हाय. आणि तू त्याच्यावर सलाम-दुवा भरलीस?"

"एवढी काय तापतेस? कॅसेटच हाय ना ती."

ती तशीच बाजारात गेली आणि कोरी कॅसेट घेऊन आली. माझ्यापुढे बसून तिने सगळा धडा आठवत स्वतःच्या आवाजात भरला. 'दामेलो!' माझा आवाज मोजणारा काटा थेट लाल रेघेपार गेला.

"अब्बा असं ओरडतात?" हाजराने विचारलं.

"अब्बा हळू बोलतात. मला आज हळू बोलता येत नाय, अम्मी."

सोमवारी ती पास झाली. त्या कचेरीत आता तिचाच शब्द चालतो.

ऑगस्टात कुवेतवर इराकचं लष्कर चालून गेलं. मामू एका पिशवीनिशी घरी परतले आणि मोहसीनचा व्हिसा बुडाला. मग मुबारकचं पत्र आलं: माझ्या हाताखाली जागा आहे, पण हुकूम समजले पाहिजेत, शिकून ये. तेव्हापासून मोहसीन रोज माझ्यापुढे मांडी घालून बसतो. कॅसेटमधून बहीण ओरडते, 'लावालोस!' आणि हा मान खाली घालून घोकतो. खरं सांगतो, आवाजाचं बटण मी मुद्दाम मोठ्यावरच अडकवून ठेवतो.

मित्रांनो, मला तेलपाणी केलं नाही तरी चालेल, कव्हर फाटलं तरी चालेल. पण लाल बटणावर बोट ठेवण्याआधी खाली कोणाचा आवाज आहे, एवढं विचारत जा. विचारायला तोंड आहे तुम्हाला. मला नाही.

परवा मोहसीन वैतागून यूम्नाला म्हणाला, "हे अब्बांच्या आवाजात असतं, तर मी कधीच शिकलो असतो."

"होतं," ती म्हणाली, आणि बंदराची बस पकडायला निघून गेली.