जागरणाच्या रात्रीची उशी

मी या घरातली उशी बोलतेय. सावरीच्या कापसाची, अंगानं गुबगुबीत आणि स्वभावानं सगळ्यांना सांभाळून घेणारी. सासूबाईंनी मला स्वतःच्या हातांनी शिवलं, आणि वर्षातून एका रात्री त्याच मला कपाटात कोंडतात. ती रात्र उपवासाची, पूजेची आणि जागरणाची. पहाटेच्या आरतीपर्यंत कुणी झोपायचं नाही आणि देवापुढचा दिवा विझू द्यायचा नाही, असा घरचा नेम.

यंदा सासूबाई सकाळपासून घुश्शात होत्या. नव्या सुनेचं पहिलंच जागरण, आणि नेमकी तिची इस्पितळात रात्रपाळी. नर्सच ती, रजा मागितली, मिळाली नाही. संध्याकाळी ती उपाशीपोटीच निघाली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "जागरण घडायलाही नशीब लागतं." पोरीचे डोळे भरून आले. मला फार वाईट वाटलं, पण उशीला विचारतो कोण?

रात्री भजनं मस्त रंगली. मग पाठीला जरा टेकू हवा म्हणून सासरेबुवांनी मला गुपचूप बाहेर काढलं. पाठीमागून मी त्यांच्या डोक्याखाली कधी गेले, ते त्यांनाही कळलं नाही. त्यांचं घोरणं ऐकून नणंदही पेंगली. आपण नुसते डोळे मिटून जप करतोय, असं बजावून सासूबाई भिंतीला टेकल्या, आणि जप काही पुढे सरकला नाही. मला काय, मजाच वाटत होती.

पहाटे सून आली. पाहते तो सगळं घर आडवं आणि दिवा शेवटच्या थेंबावर. तिनं घाईघाईनं हातपाय धुतले, दिव्यात तेल घातलं, वात सारली आणि मग घंटा वाजवली. सगळे धडपडून उठले. झोपेच्या तारेत सासरेबुवांनी मलाच नमस्कार केला.

सासूबाईंनी दिव्याकडे पाहिलं, मग सुनेच्या तांबारलेल्या डोळ्यांकडे. त्या ओशाळल्या आणि मग त्यांना हसूच फुटलं.

"अगं, आम्ही सगळे झोपलो. जागरण घडलं ते तुला एकटीला. आरतीचं ताट तूच घे."

आरती झाली, उपवास सुटला. सासूबाईंनी मला सासरेबुवांच्या काखेतून ओढून काढलं, झटकलं आणि सुनेच्या डोक्याखाली सरकवलं. पडदेही त्यांनीच लावले. मी आज धन्य झाले.

तेव्हा मंडळी, कृपा करून आमच्या दाराची बेल वाजवू नका. पोर आत्ताच झोपलीय.