तरण्याची आली की कळवा

उस्तादांचा एक हेका होता: गाडीला जुना पार्ट लावायचा नाही. गिऱ्हाईक कितीही गयावया करो, भंगारातून आणलेल्या गिअरबॉक्सला ते हात लावायचे नाहीत. त्या हट्टावरच गॅरेज नावारूपाला आलं. पुढे पन्नाशीतच स्वतःच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तरी हट्ट काही गेला नाही.

म्हणून तर हॉस्पिटलमधून किडनी मिळतेय असा फोन आला, तेव्हा लगेच निघायचं सोडून उस्तादांनी उलटतपासणी सुरू केली. देणारा कोण, वय काय, आजारबिजार होता का. फोनवरच्या बाईंनी खरं ते सांगितलं. गेलेले गृहस्थ वयस्कर होते, थोडं ब्लडप्रेशर होतं, पण डॉक्टर म्हणतात, किडनी चांगली आहे.

"राहू द्या," उस्ताद म्हणाले. "तरण्याची आली की कळवा."

घरी चकार शब्द काढला नाही. बायको उगाच डोकं खाईल, ही भीती. शिवाय घाई कसली? रक्त साफ करायला डायलिसिसचं मशीन होतंच की. धोका ऑपरेशनमध्ये, थांबण्यात कसला आलाय धोका? भल्या माणसाला गिअरबॉक्स कळत होता, शरीर कुठे कळत होतं!

पुढे कित्येक महिने फोन वाजला नाही. मग एका तपासणीला नवरा-बायको दोघं डॉक्टरांसमोर बसली. डॉक्टरांनी हृदयाचा रिपोर्ट वाचून बाजूला ठेवला.

"ट्रान्सप्लांट आता नाही करता येणार," ते म्हणाले. "डायलिसिसवर राहून राहून हृदय फार थकलंय. भूल दिली तर टेबलावरून उठाल, याची खात्री नाही."

उस्ताद खुर्चीत पुढे सरकले. "पण डॉक्टर, मी तर नुसता थांबलो होतो."

"थांबण्यानेच झालंय हे. तेव्हा हो म्हणाला असतात तर झेपलं असतं."

"कशाला 'हो' म्हणायचं होतं?" बायकोने विचारलं.

उस्तादांनी मान खाली घालून सगळं सांगितलं.  मग तिने डॉक्टरांना विचारलं, "त्या किडनीचं काय झालं?"

"दुसऱ्या एकांना बसवली. कामावर जातात ते आता."

ती रडली नाही, भांडली नाही.  बाहेर जिन्यापाशी आल्यावर तिने एवढंच विचारलं, "किती वय होतं हो त्या गृहस्थांचं?"

"पासष्ट."

"पासष्टचे तुम्ही मला हवे होतात," ती म्हणाली, आणि जिना उतरायचं विसरून तिथेच उभी राहिली.