दाढीच्या ब्रशाचा चोर

"चोराले दाढी आहे, एवढं नक्की," हिरालालजी चहावर फुंकर घालत म्हणाले. "माहा ब्रश नेला अन् पाकीट तसंच ठेवलं."

चंद्रकांताबाईंनी त्यांच्या पोह्यांवर आणखी पळीभर तर्री ओतली. पवनीतल्या त्यांच्या घरात दोन खोल्या पाहुण्यांसाठी होत्या. मुक्काम आणि सकाळची न्याहारी. जंगल पाहायला येणारी माणसं उतरत. तीन वर्षांत कुणाची टाचणी हरवली नव्हती, आणि या आठवड्यात आधी पुण्याच्या जोडप्याचा एकच मोजा गेला, मग एका बाईंचा कंगवा, आता हा ब्रश. हिरालालजी नागपूरचे निवृत्त मास्तर. चार दिवस फिरून वाघ दिसला नव्हता, म्हणून त्यांनी सगळा जोर चोरावर लावला होता.

"वांदर असन जी," बाई म्हणाल्या.

"वांदर एक मोजा नेऊन का करन?"

"चोर पकडलाच पायजे," बाईंचे यजमान वासुदेवराव ताटलीतून मान वर करून गंभीरपणे म्हणाले. अलीकडे ते फारसं बोलत नसत. नावं विसरत, कधी दारं चुकत. बाईंनी हे कुणाला सांगितलं नव्हतं, नागपूरच्या लेकीलाही नाही.

संध्याकाळी हिरालालजींनी वाटीभर कणीक मागून घेतली आणि खोल्यांपुढच्या पडवीत चाळणीनं भुरभुरली. चोराचा पाय उमटणार होता.

सकाळी बाई उठल्या तेव्हा वैनगंगेवरचं धुकं पडवीत शिरलं होतं. घर पाण्यावर तरंगत असल्यासारखं वाटत होतं. कणकेत पावलं उमटली होती, संथ, अगदी स्वच्छ. उजव्या पावलाला करंगळी नव्हती.

ती करंगळी बसच्या दारात चेंगरून गेली, तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पट्टी बाईंनीच बदलली होती. बाई झाडू आणायलाही गेल्या नाहीत. खाली बसून त्यांनी पदरानंच सगळी कणीक पुसून काढली.

"गवसलं काही?" मागून हिरालालजींनी विचारलं.

"वांदरच होतं जी. मोठं होतं."

हिरालालजींनी पांढऱ्या झालेल्या पदराकडे पाहिलं, मग मागच्या उघड्या दाराकडे.

"मंग राहू द्या ब्रश त्याच्यापाशी," ते हळूच म्हणाले. "मी दुसरा घेतो."

मागच्या ओट्यावर वासुदेवराव स्वेटर, टोपी घालून बसले होते. मांडीवरच्या पिशवीत मोजा होता, कंगवा होता, ब्रश होता.

"काहून बसले जी थंडीत?"

"लोकं गाडीत सामान विसरून जातात, बाई," ते म्हणाले. एकतीस वर्षं ते एसटीत कंडक्टर होते. "जमा करून ठेवलं. डेपोत दिलं का ज्याचं त्याले भेटते."

बाई. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती, आणि वासुदेवरावांनी त्यांना कधी बाई म्हटलं नव्हतं.

"तुमी कुठं उतरणार?" त्यांनी विचारलं.

बाईंनी कणकेनं माखलेला पदर खांद्यावर सारखा केला.

"पवनीले," त्या म्हणाल्या.

"मंग बसा न. उभ्या कायले?" पिशवी छातीशी धरून ते सरकले आणि त्यांनी जागा करून दिली. "झोप लागली तरी चालन. पवनी आली का मी उठवतो तुमाले."

समोर धुक्यात नदी नव्हती, झाडं नव्हती, काहीच नव्हतं. चंद्रकांताबाई त्यांच्या शेजारी बसल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.