टपालकाकांची लांब टोपली

मित्रांनो, मी एक जुनी टोपली आहे. खरं सांगायचं तर पाऊणच. उरलेली पाव माती झाली आहे आणि सध्या बोलायचं काम आम्ही दोघी मिळून करतो.

टोपल्या विणणाऱ्या मावशींनी मला घडवलं. ओला वेत गुडघ्याखाली दाबून त्यांनी चार दिवसांत मला साडेसहा फूट लांब विणलं. माणूस गेला की त्याला माझ्यात निजवून पुरायचं. मग त्याचीही माती, माझीही माती, असा साधा बेत होता. पण मी नमुना म्हणून दुकानातच राहिले. एका गृहस्थांनी विचारलं, "यात बटाटे किती मावतील?"

"एक माणूस," मावशी म्हणाल्या. गृहस्थ गेले ते गेलेच.

मला खरं ओळखलं ते टपालकाकांनी. हे निवृत्त पोस्टमन इतके उंच की घरच्या पलंगाबाहेर त्यांचे पाय लोंबायचे. ते रोज दुपारी येऊन माझ्यात झोपत. "मावशी, मला शेवटी हीच हं! दुसरीत मी जाणार नाही," असं घोरण्याआधी बजावत. अशी अकरा वर्षं गेली.

काका आजारी पडले तेव्हा त्यांच्या लेकीने, ताईने, मला घरी नेलं. बाबांसाठी तिला काही करता येईना, म्हणून तिने माझ्यासाठी केलं. बाहेरून प्लास्टिकच्या वार्निशचे तीन हात दिले. "बाबांना वाळवी लागता कामा नये," ती म्हणाली. मी अशी चकाकले की शेजारीण माझ्यात बघून केस नीट करून गेली.

काका गेले. त्यांना सुती चादरीत गुंडाळून आम्ही दफनाच्या रानात आलो. तिथल्या राखणदार आजोबांनी माझ्यावर पाण्याचा थेंब टाकला. तो घसरगुंडीवरून उतरावा तसा खाली गेला.

"चालायचं नाही. इथं जे कुजत नाही, ते पुरत नाही."

"अहो, टिकावी म्हणूनच तर लावलं!"

"टिकवायची तर घरी ठेवा, ताई. ही जमीन आहे, कपाट नव्हे."

ताई माझ्या चकाकीवर हात ठेवून रडायला लागली. "म्हणजे बाबांना मीच अडवलं?"

सोबत आलेल्या मावशींनी पिशवीतून पॉलिश पेपर काढून तिच्या हातात दिला. "रड, पण घासत घासत रड."

मग काकांनी ज्यांना पत्रं पोचवली होती ते सगळे सरसावले. कुणी काचेचा तुकडा घेतला, कुणी सुरी. दातांचे डॉक्टर मला खरवडताना सवयीने म्हणाले, "दुखलं तर सांगा." काका झाडाच्या सावलीत निवांत. वार्निशचा प्रत्येक कपचा खाली अंथरलेल्या दुसऱ्या चादरीवर गोळा झाला. दुपार कलल्यावर आजोबांनी पुन्हा थेंब टाकला. तो थबकला, पसरला आणि आत गेला. मला तहान लागली होती, हे मला तेव्हा कळलं.

आम्हाला कमरेएवढ्या खड्ड्यात ठेवलं. मित्रांनो, वर लोकांना वाटतं सगळं संपलं. खाली केवढी वर्दळ! केसाहून बारीक मुळं, बुरशीचे पांढरे धागे, आंधळे पण कधीही न चुकणारे गांडूळ. चिमूटभर मातीतले रहिवासी मोजायला घेतले आणि पहिल्याच कणाशी मी हरले. काका थोडे गवतात गेले, थोडे मुळांत, थोडे एका गोगलगायीत. तीही काकांसारखी रोज वेळेवर निघते.

वर्षाने ताई आली. दगड नाही, पाटी नाही, नुसतं गुडघाभर गवत. "आजोबा, बाबा नेमके कुठं आहेत?"

"नेमके आता कुठंच नाहीत, ताई. फाटकापासून त्या मोठ्या झाडापर्यंत धरा."

ताईने पायांकडे पाहिलं. फाटकापर्यंत मागे गेली, चपला बाहेर काढल्या आणि अनवाणी परत आली.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे: आम्हाला चकाकवू नका, आणि जमिनीवर पाय जरा हलका टाका. खाली काम चालू आहे.