जुन्या नावाचा वाटा

जे सर्वांसाठी राखले जाते, त्यात कोणाचे कोणते जिवाभावाचे धन ठेवलेले आहे, हे राखणाऱ्याला ठाऊक असतेच असे नाही. आणि मायेपोटी केलेली कृतीही कधी मायेचीच हानी करून बसते. अशा ठिकाणी दोष कोणाला द्यावा?

ब्रेबेस शहराच्या परिसरात त्या काळी संगणकाची सेवाही नळाच्या पाण्यासारखी घरोघरी पोहोचली होती. नोंदलेल्या प्रत्येक नावाला क्लाउडमध्ये, त्या सरकारी सामायिक भांडारात, एक वाटा मिळे. बदके राखणाऱ्या कस्मादीने अखेरच्या आजारात आपला आवाज मुलाच्या, प्रामुद्याच्या, वाट्यात ठेवला होता. बदकांना घरी बोलावण्याची ती लांबलचक साद ऐकल्यावाचून मुलगा झोपत नसे.

पुढे मुलाचा ताप हटेना. नाव अंगाला जड झाले आहे, ते बदलले की आजार जाईल, असे वडीलधाऱ्यांनी ठरवले. त्याच्या आईने, सुलास्त्रीने, नाव बदलताना वाटायची लाल-पांढरी पेज शेजारीपाजारी वाटली, मुलाचे नाव वालुयो ठेवले, त्याचे जुने कपडे देऊन टाकले आणि ती क्लाउडच्या कचेरीत गेली. तिथे शेजारची रुमिनी बसे. तिला सारे ‘यू’, म्हणजे थोरली बहीण, म्हणत.

“यू, जुन्या नावाचा वाटा पुसून टाक. नव्या नावाने दुसरा दे.”

“सगळा? नीट बघितलंस ना?”

“सगळा गं! काही मागे राहिलं तर ताप माग काढत येईल.”

“बरं बाई, लाव अंगठा. आणि पेजेत गूळ होता की नुसता रंग? माझ्या वाटीत तरी गोडी नव्हती.”

“तुझ्या जिभेलाच नसेल!” दोघी हसल्या.

ताप उतरला. वालुयो उठून बसला आणि म्हणाला, “आई, बाबांना लाव.”

नव्या वाट्यात काहीच नव्हते.

सुलास्त्री धावतच कचेरीत गेली. “नळ बदलला म्हणून तलावातलं पाणी आटतं का, यू? तुमचा क्लाउड सगळ्यांचा ना?”

रुमिनीने पुन्हा पुन्हा शोधले. “पाणी सगळ्यांचं असतं, सुलास. आवाज एकट्या कस्मादीचा होता. रिकामी जागा लगेच दुसऱ्याला गेली. मी अजून एकदा विचारायला हवं होतं गं.”

“विचारलं होतंस,” सुलास्त्री हळूच म्हणाली.

त्या संध्याकाळी तिने स्वतःच साद घातली.

“असं नाही, आई,” म्हणत मुलाने बापाचा स्वर उचलला आणि तो मध्येच अडला. “पुढे काय होतं?”

तिलाही आठवेना. तिने त्याला पोटाशी धरले.

नव्या नावाचे ते बालक दीर्घायू होवो. त्या मातेच्या हृदयाला आणि रुमिनीच्या मनाला शांती लाभो.